भिंतीचे मिलिमीटर

टूडी इकोच्या रिपोर्टात एक ओळ हमखास असते: मधला पडदा इतके मिलिमीटर, मागची भिंत इतके मिलिमीटर. खाली निष्कर्षात ‘माइल्ड कॉन्सेंट्रिक एलव्हीएच’ असे काही लिहिलेले असते. रक्तदाबाची गोळी सुरू करायची का, चालू असलेली वाढवायची का, घरातल्या इतरांनाही तपासून घ्यायचे का, हे पुष्कळदा या ओळीवर ठरते. एलव्हीएच म्हणजे डावी जवनिका जाड होणे, आणि ही जवनिका म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा. तिची भिंत पुरुषांत साधारण ६ ते १० आणि स्त्रियांत ६ ते ९ मिलिमीटर जाड असावी, असे आजचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. निरोगी आणि आजारी यांच्यामधली रेघ त्यामुळे कधीकधी एका मिलिमीटरवर येते. इतक्या बारीक आकड्यावर एवढा भार टाकला जातो, तेव्हा तो आकडा यंत्रानेच मोजून दिलेला असणार अशी आपली समजूत होते. या मोजमापाचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. यंत्राने फक्त प्रतिध्वनी दिले. त्यांतला कोणता प्रतिध्वनी भिंतीचा, हे शवविच्छेदनाने शिकवले. भिंतीची कड नेमकी कुठे धरायची, हे माणसांनी आपापसांत ठरवले. आणि जाड भिंतीचा अर्थ काय, हे हजारो लोकांच्या आयुष्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यावर कळले. आज त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो तो या तीन गोष्टींमुळे, आणि त्याच्या मर्यादाही याच तीन गोष्टींतून आल्या आहेत, असे माझे म्हणणे आहे.

इको येण्याआधीची दोनशे वर्षे जाड हृदय ही माणूस गेल्यावरच कळणारी गोष्ट होती. १७६१ साली पाडुआच्या मोर्गान्यीने आजाराची जागा अवयवांत शोधणारा आपला मोठा ग्रंथ छापला. त्याच वर्षी व्हिएन्नात औएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून आतल्या अवयवांचा अंदाज घेण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १८३६ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइटने मूत्रपिंड बिघडून मेलेल्या रुग्णांची हृदये उघडून पाहिली. झडपा धडधाकट असूनही पुष्कळांची डावी जवनिका जाड झालेली त्याला आढळली. रक्तदाब मोजण्याचे सोयीचे साधन तेव्हा नव्हते. तरीही बदललेल्या रक्ताला पुढे ढकलताना हृदयाला जास्त कष्ट पडत असावेत, हा त्याचा तर्क आजही विचार करायला लावतो. जिवंत माणसात मात्र ही जाडी कुणालाच दिसत नव्हती. क्ष-किरण आल्यावर हृदयाची सावली दिसू लागली, आणि सावलीची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त असेल तर हृदय मोठे मानावे, असे गुणोत्तर १९१९ पासून वापरात आले. पण सावलीला भिंत नसते. रक्तदाबाने जाड होणारी जवनिका सुरुवातीला आतल्या बाजूला वाढते, पोकळी लहान होते आणि बाहेरची कड होती तिथेच राहते. अशा हृदयाचा फोटो निर्दोष दिसू शकतो. ईसीजीने दुसरी वाट काढली. १९४९ मध्ये सोकोलोव आणि लायन यांनी ठराविक लाटांच्या उंचीची बेरीज ३५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर डावी जवनिका जाड समजावी, हा नियम दिला, आणि तो अजून शिकवला जातो. इथेही मिलिमीटर आहेत, पण ते कागदावर उमटलेल्या विजेच्या दाबाचे आहेत, स्नायूचे नाहीत. मधे चरबी आली, फुफ्फुसात हवा जास्त भरलेली असली, तर ती लाट बुटकी होते. सावली आणि वीज ही दोन्ही साधने उपयोगी होती. मात्र दोन्ही भिंतीबद्दल ऐकीव साक्ष देत होती.

भिंतीपर्यंत पोचण्याची वाट दक्षिण स्वीडनमधल्या लुंड गावातून निघाली, आणि ती काढणाऱ्यांना भिंत मोजायचीच नव्हती. इंगे एडलर हे तिथल्या रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्यापुढचा प्रश्न हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचा होता. संधिवातज्वराने ही झडप अरुंद झालेल्या रुग्णांवर नव्याने शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. पण झडप अरुंद नसून गळकी असेल तर तीच शस्त्रक्रिया घातक ठरे, आणि हा फरक आधी ओळखण्याची खात्रीची पद्धत नव्हती. एडलरांनी विद्यापीठातल्या कार्ल हेल्मुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला गाठले. नोबेल मिळवणाऱ्या गुस्ताव हर्ट्झ यांचा हा मुलगा. श्राव्यातीत ध्वनी वापरून धातूतले तडे शोधणारे यंत्र माल्मोच्या कॉकुम्स जहाजबांधणी कारखान्यात होते. हर्ट्झने ते शनिवार-रविवारपुरते मागून आणले आणि स्वतःच्या छातीवर लावून पाहिले. हृदयाच्या ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी दिसला. त्यानंतर सीमेन्स कंपनीने आपले यंत्र वापरायला दिले. गुस्ताव हर्ट्झ यांनी त्या कंपनीची एक संशोधनशाळा पूर्वी चालवली होती, ती ओळख इथे कामी आली. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद फिल्मवर उतरली. १९५४ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात हृदयाच्या भिंतींच्या हालचाली असे शब्द आहेत. जाडीचा उल्लेख नाही.

या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग पुढे आहे, आणि यंत्राच्या कौतुकात तो नेहमी झाकला जातो. एडलरांना एक ठळक, झपाट्याने वरखाली होणारा प्रतिध्वनी दिसत होता. तो डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, भिंतीवरून येतो, अशी त्यांची आधी समजूत होती. ती चुकीची होती. मरणासन्न रुग्णांच्या छातीवर त्यांनी ध्वनिझोताची जागा आणि दिशा खूण करून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच खुणेतून, त्याच दिशेने, टोकदार सळई आत घातली. शवविच्छेदनात ती सळई मायट्रल झडपेच्या पुढच्या पाकळीला भिडलेली सापडली. यंत्राच्या पडद्यावरच्या ज्या रेषेला भिंत म्हटले जात होते, ती झडप निघाली. यंत्र तेच होते, प्रतिध्वनी तेच होते. नाव मात्र शवाने दुरुस्त केले. यापुढे प्रत्येक रेषेला असे नाव कमवावे लागले. म्हणून या तंत्राचा जन्म १९५३ मध्ये झाला असे म्हणताना, हृदयाची भिंत मोजण्याची विद्या तेव्हा जन्मली नव्हती, हेही म्हणायला हवे.

ती विद्या आकाराला आली अमेरिकेत, इंडियानापोलिसला. हार्वे फायगेनबॉम यांनी १९६३ च्या सुमारास, मेंदूची मध्यरेषा सरकली आहे का हे पाहण्यासाठी बनवलेले यंत्र हृदयाकडे वळवले. त्यांचा पहिला गाजलेला निष्कर्ष १९६५ चा: हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठले, तर मागच्या भिंतीच्या पलीकडे प्रतिध्वनी नसलेली मोकळी जागा दिसते. हा शोध पाण्याचा होता, पण त्याने भिंतीची बाहेरची कडही दाखवून दिली. आजाराने स्वतःच स्नायू आणि आवरण यांच्यामध्ये एक रेघ ओढून दिली होती. आतली कड ओळखायला दुसरी युक्ती लागली. रॉचेस्टरमध्ये रेमंड ग्रामियाक आणि प्रवीण शाह यांनी दाखवले होते, की हिरवा रंगद्रव टोचला की ज्या पोकळीत तो पोचतो ती पोकळी प्रतिध्वनींच्या ढगाने भरून जाते. हाच रंगद्रव थेट हृदयात सोडून फायगेनबॉम यांच्या गटाने १९७० मध्ये डाव्या जवनिकेच्या रेषा पक्क्या केल्या. ढग जिथे थांबतो तिथून भिंत सुरू होते. त्याआधीच, १९६८ मध्ये, याच गटाने मागच्या भिंतीची जाडी ध्वनीने मोजता येते असा निबंध छापला होता. त्याच्या लेखकांत चार्ल्स हेन हे नाव आहे. हेन डॉक्टर नव्हते. हृदयाचा इको घेण्यासाठी फायगेनबॉम यांनी तयार केलेले ते पहिले तंत्रज्ञ. ही बाब मला निबंधातल्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते, कारण मोजणारा हात डॉक्टरच्या हातापासून वेगळा झाला की मोजण्याची रीत शब्दांत लिहावी लागते. एकाच्या सवयीवर मग काम भागत नाही.

त्या काळी यंत्र चित्र दाखवत नसे. ध्वनीचा एकच झोत छातीतून आत जाई आणि त्या एका रेषेवरचे सारे प्रतिध्वनी सरकत्या कागदावर लाटांसारखे उमटत. याला एम-मोड म्हणतात. कागदावर वरून खाली छातीची भिंत, उजवी जवनिका, मधला पडदा, डाव्या जवनिकेची पोकळी आणि शेवटी मागची भिंत. झोत तिरका गेला तर काकडी तिरकी कापल्यावर चकती लांबट निघावी तशी भिंत जाड निघे. मधल्या पडद्याच्या उजव्या अंगाला चिकटलेले उजव्या जवनिकेचे स्नायूचे पट्टे पडद्यातच धरले गेले, तर दोन-तीन मिलिमीटर सहज वाढत. या अडचणी असतानाच पडद्याच्या जाडीला एकदम महत्त्व आले, ते एका विलक्षण आजारामुळे. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधले शवचिकित्सक डोनल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये तरुणपणी अचानक मृत्यू आलेल्यांची हृदये वर्णिली होती: मधला पडदा प्रचंड जाड, बाकीची भिंत त्यामानाने बरी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू अस्ताव्यस्त. १९६९ मध्ये प्रवीण शाह, ग्रामियाक आणि क्रेमर यांनी अशा जिवंत रुग्णांत मायट्रल झडपेची पाकळी आकुंचनाच्या वेळी पडद्याकडे ओढली जाऊन रक्ताची वाट अडवते, हे ध्वनीने दाखवले. १९७३ मध्ये हेन्री, क्लार्क आणि एपस्टाइन यांनी पडदा मागच्या भिंतीच्या १.३ पट किंवा जास्त जाड असणे ही या आजाराची खूण म्हणून मांडली. टीअरना जे मेजावर दिसले होते, ते आता चालत्याबोलत्या माणसात आणि त्याच्या भावंडांतही शोधता येऊ लागले. ही मोठीच झेप होती. पण १.३ हे गुणोत्तर उजव्या जवनिकेवर ताण असलेल्यांत आणि नवजात बाळांतही आढळते, हे लवकरच कळले, आणि त्याची एकट्याची साक्ष अपुरी ठरली.

खरी कसोटी लागली ती पुढच्या पाच वर्षांत. अमेरिकेतल्या इको तज्ज्ञांच्या नव्या संघटनेने एक धाडसी पाहणी केली, आणि १९७८ मध्ये सान, डीमारिया, किस्लो आणि वेमन यांनी ती छापली. पाच-पाच एम-मोड नोंदींचे ४०० संच वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे धाडले गेले; मोजा आणि नाव न घालता परत पाठवा, एवढीच विनंती. ७६ संच परत आले. नोंदी चांगल्या दर्जाच्या होत्या, मोजणारे अनुभवी होते, तरीही पडदा, मागची भिंत आणि पोकळी यांच्या मापांत १० ते २५ टक्क्यांची अनिश्चितता निघाली. कारणे तपासली तेव्हा दोष डोळ्यांपेक्षा रिवाजाकडे जास्त गेला. हृदय पूर्ण सैलावल्याचा क्षण कोणता मानायचा? निम्मे लोक ईसीजीतल्या लाटेची सुरुवात धरत होते, निम्मे तिचे शिखर. रेषेलाही स्वतःची जाडी असते. ती भिंतीत धरायची की पोकळीत, यावरही एकवाक्यता नव्हती. एकाच कागदाकडे पाहून दोन जाणकार दोन आकडे सांगत होते, आणि आपापल्या रिवाजाप्रमाणे दोघेही बरोबर होते. संघटनेने मग नियम घालून दिला: लाटेच्या सुरुवातीच्या क्षणी मोजा, आणि प्रत्येक रेषेच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत मोजा. आपल्याच मंडळींच्या मापांतला घोळ आकड्यांसकट छापणारी ही पाहणी मला वैद्यकातल्या सर्वांत प्रामाणिक कागदांपैकी एक वाटते.

याच सुमारास फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डेव्हरो आणि नेथॅनिअल रायशेक दुसऱ्या टोकाने निघाले होते. त्यांनी सहमती मागितली नाही, वजनकाटा मागितला. जिवंतपणी इको झालेल्या ३४ जणांच्या हृदयांची डावी जवनिका मृत्यूनंतर वेगळी काढून त्यांनी तिचे वजन केले आणि कोणत्या रिवाजाने मोजले तर इकोचा हिशेब त्या वजनाशी जुळतो, हे पाहिले. १९७७ मध्ये छापलेला त्यांचा रिवाज ‘पेन’ नावाने ओळखला गेला: लाटेच्या शिखराच्या क्षणी मोजायचे, आणि आतल्या अस्तराच्या रेषेची जाडी भिंतीत न धरता पोकळीत धरायची. वर्षभरात आलेला संघटनेचा नियम याच्या उलट होता. १९८६ मध्ये डेव्हरो यांच्या गटाने ५५ जणांच्या शवविच्छेदनाशी ताळा घातला, तेव्हा संघटनेच्या नियमाने मोजलेले वजन सुमारे एकचतुर्थांशाने फुगते असे आढळले. तोडगा असा निघाला, की नियम संघटनेचा ठेवायचा आणि उत्तराला ०.८ ने गुणायचे. आज भारतातल्या कोणत्याही इको यंत्रात वजनाचे बटण दाबले की हा ०.८ चा गुणक गुपचूप लागतो. पडदा, पोकळी आणि मागची भिंत यांची बेरीज करून तिचा घन, त्यातून पोकळीचा घन वजा, उरलेल्याला स्नायूची घनता १.०४ आणि मग ०.८, वर ०.६ ग्रॅम. या सूत्रात भौतिकशास्त्राइतकीच एक तडजोडही गोठलेली आहे, आणि ती तडजोड वजनकाट्यावर तपासून घेतलेली आहे. यातली कोणतीही एक बाजू सोडली तर ते सूत्र कळत नाही.

घन या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण एका मिलिमीटरची किंमत तिथे कळते. १६० सेंटिमीटर उंचीचा आणि ५८ किलो वजनाचा पुरुष घेऊ. त्याच्या शरीराचा पृष्ठभाग सुमारे १.६ चौरस मीटर भरतो. त्याची पोकळी ४८ मिलिमीटर, पडदा १० आणि मागची भिंत १०. सूत्राप्रमाणे डाव्या जवनिकेचे वजन १७० ग्रॅम येते, म्हणजे पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०६ ग्रॅम. पुरुषांसाठी मर्यादा ११५ आहे, माणूस निर्धोक. आता दोन्ही भिंतींवर कॅलिपर, म्हणजे कड दाखवणारी मोजखूण, फक्त एकेक मिलिमीटर पुढे ठेवा, पोकळी तीच. वजन १९४ ग्रॅम, दर चौरस मीटरला १२१. माणूस आजारी. मधला फरक २४ ग्रॅमचा आहे, आणि तो कॅलिपरच्या मिलिमीटरभर हालचालीतून आला आहे. छातीबाहेरून पाठवलेल्या ध्वनीला दोन कडा वेगळ्या दाखवण्याची जी सूक्ष्मता साधते, तीही साधारण मिलिमीटरच्याच घरात आहे. म्हणून एका माणसाच्या दोन रिपोर्टांत मिलिमीटरभर फरक पडला, तर त्यावरून आजार वाढला किंवा औषध लागू पडले असा निकाल देण्याची घाई करू नये. पूर्वीच्या नोंदी समोर ठेवून, शक्य तर त्याच हाताने पुन्हा मोजणे, हाच सरळ उपाय आहे.

मग असा डळमळीत आकडा टिकला कसा? कारण एका माणसात डळमळणारे माप हजारो माणसांत स्थिर होते, आणि तिथे त्याने आपला उपयोग सिद्ध करून दाखवला. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून रहिवाशांच्या हृदयांवर लक्ष ठेवणारा अभ्यास चालू आहे. तिथे पुढे इको घेतले गेले आणि ताळा घातल्यावर दिसले, की इकोत जाड निघालेल्या शंभर हृदयांपैकी जेमतेम ७ ईसीजीने पकडली होती. १९९० मध्ये डॅनियल लेव्ही आणि सहकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या, हृदयविकाराचे निदान न झालेल्या ३,२२० जणांचा चार वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. उंचीच्या दर मीटरमागे जवनिकेचे वजन ५० ग्रॅमने जास्त असेल, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका पुरुषांत १.४९ पट आणि स्त्रियांत १.५७ पट होता. वय, रक्तदाब आणि इतर धोके हिशेबात धरूनही. १९९२ मध्ये गनाऊ आणि सहकाऱ्यांनी वजनाच्या जोडीला भिंत आणि पोकळी यांचे प्रमाणही पाहायला हवे, हे मांडले. रिपोर्टातला ‘कॉन्सेंट्रिक’ हा शब्द त्याच प्रमाणाबद्दल सांगतो. मग रक्तदाबाच्या ‘लाइफ’ या मोठ्या औषधचाचणीतल्या ९४१ रुग्णांचे इको वर्षानुवर्षे घेऊन डेव्हरो यांनी २००४ मध्ये दाखवले, की उपचारांनी ज्यांचे जवनिकेचे वजन उतरले, त्यांना पुढचे धोकेही कमी राहिले. शवागारात सुरू झालेला हिशेब असा जिवंतांच्या उपयोगी पडला.

यावर पहिला आक्षेप अगदी सरळ आहे: हे सारे जुन्या यंत्रांचे रडगाणे आहे, आता टूडी चित्र येते, झोत कुठे जातो ते दिसते, प्रतिमा कितीतरी स्वच्छ आहेत, मग संकेतांची कथा कशाला? यंत्रे सुधारली हे खरेच, आणि तिरका छेद टाळण्यात त्यांनी मोठी मदत केली. पण स्वच्छ चित्रात कड कुठे धरायची, हा प्रश्न उरतोच. उलट चित्र जितके स्वच्छ, तितके पडद्याला चिकटलेले स्नायूचे पट्टे अधिक स्पष्ट दिसतात आणि ते वगळायचे हे कुणीतरी ठरवावे लागते. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतही जुने घनाचे सूत्र जागेवर आहे, कारण धोक्याचा बहुतेक पुरावा त्याच सूत्राने गोळा झालेला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एमआरआय आल्यावर इकोच्या अंदाजांची गरज काय? वजनाच्या मोजमापात एमआरआय सरस आहे, आणि पडद्याच्या टोकाशी किंवा हृदयाच्या शेंड्याशी लपलेली जाडी इकोतून निसटते तेव्हा तीच शोधून काढते, हे मान्य. तरी तिथेही पोकळीत उभे असलेले झडपेचे आधारस्नायू वजनात धरायचे की सोडायचे, यावर आकडा बदलतो. ठरावाशिवाय मोजमाप तिथेही होत नाही. आणि तालुक्याच्या गावी, खाटेशेजारी, दर वर्षी पुन्हा करता येईल असे साधन आजही इकोच आहे.

तिसरा आक्षेप उलट दिशेचा. सगळे ठरावावरच असेल तर १० मिलिमीटर आणि १३ मिलिमीटर यांत अर्थ काय? ठराव म्हणजे मनमानी नव्हे, हे खेळाडूंच्या अभ्यासातून चांगले दिसते. कसलेल्या खेळाडूचे हृदय वाढते, हे जुने निरीक्षण. ते वाढणे आजाराचे की सरावाचे, हे ठरवायला रेघ हवी होती. १९९१ मध्ये इटलीच्या पेलिच्चा यांनी मॅरन आदी सहकाऱ्यांसह ९४७ अव्वल खेळाडूंचे इको छापले. १३ मिलिमीटर किंवा जास्त जाडी फक्त १६ जणांत निघाली. त्यांतले १५ नौकानयन किंवा कनू चालवणारे होते आणि एक सायकलपटू. सर्वांत जाड भिंत १६ मिलिमीटर. म्हणजे १३ ते १६ हा एक खरा धूसर पट्टा आहे, पण त्याच्या वरचा आणि खालचा प्रदेश धूसर नाही. टीअर यांनी वर्णिलेल्या त्या आनुवंशिक जाड हृदयाचे निदान प्रौढांत १५ मिलिमीटरला आणि रुग्णाच्या रक्ताच्या नातेवाइकांत १३ मिलिमीटरला केले जाते. नात्याचा पुरावा हाती असेल तर कमी जाडीवरही संशय घ्यायचा, हा त्यामागचा विचार. रेघ एकच न ठेवता माणसागणिक हलवणे हे इथे शहाणपणाचे ठरले आहे.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जास्त भिडायला हवा तो प्रश्न या रेघा कोणाच्या शरीरांवरून आखल्या, हा आहे. फ्रॅमिंगहॅमचे मूळ रहिवासी जवळजवळ सगळे गोरे होते. वजनाला शरीराच्या पृष्ठभागाने भागले की लहानमोठ्या चणीचा फरक निघून जातो, असे गृहीत धरले जाते, पण ते पुरते खरे नाही. १५ देशांतल्या, भारतासह, निरोगी माणसांचे इको एकाच रीतीने मोजण्याचा जागतिक प्रकल्प गेल्या दशकात झाला, आणि डाव्या जवनिकेच्या आकारात देशादेशांत फरक असल्याचे त्यात दिसले. भागाकाराची दुसरी गोम लठ्ठपणात आहे. वरच्या उदाहरणातला १९४ ग्रॅमचा पुरुष ५८ किलोवरून ७५ किलोवर गेला, असे समजा. पृष्ठभाग १.६ वरून सुमारे १.८३ होतो, आणि तेच हृदय दर चौरस मीटरला १०६ ग्रॅम भरते. चरबी वाढली आणि कागदावर हृदय बरे झाले. हे टाळण्यासाठी इटलीच्या डी सिमोने यांनी १९९२ मध्ये पृष्ठभागाऐवजी उंचीचा २.७ वा घात वापरायला सुचवले. उंची चरबीने वाढत नाही. लठ्ठपणा आणि रक्तदाब एकत्र नांदणाऱ्या आपल्या शहरांत ही सूचना रिपोर्टात फारशी उतरलेली नाही, आणि ती उतरायला हवी असे मला ठामपणे वाटते. यंत्रात उंची-वजन न भरता नुसती जाडी छापणारे रिपोर्ट तर त्याहून अपुरे.

आणखी एक गोष्ट या इतिहासाने उशिरा शिकवली. जाड भिंत म्हणजे जाड स्नायूच, असे धरूनच सारी सूत्रे बनली, १.०४ ही घनता स्नायूची आहे. अमायलॉइड नावाच्या विकारात स्नायूच्या तंतूंमध्ये निरुपयोगी प्रथिन साचते आणि भिंत फुगते. इकोचा कॅलिपर १५ मिलिमीटर दाखवतो, पण ईसीजीतल्या लाटा उंच व्हायच्या ऐवजी बुटक्या असतात, कारण वाढलेल्या भागात वीज निर्माण करणारा स्नायूच नाही. इकोने ज्या ईसीजीला भिंतीच्या बाबतीत मागे सारले, तोच ईसीजी इथे शेजारी ठेवावा लागतो, आणि दोघांच्या न जुळणाऱ्या साक्षीतून निदान निघते. आता कॅलिपर आपोआप ठेवणारी संगणकप्रणाली यंत्रांत येऊ लागली आहे. तिला कड कुठे असते हे माणसांनी आधी आखलेल्या हजारो रेषांवरून शिकवले जाते. ती दर वेळी एकसारखे मोजते हा तिचा मोठा गुण आहे. त्या रेषा कोणत्या रिवाजाने आखल्या होत्या, कोणत्या देशांतल्या माणसांच्या हृदयांवर, आणि चिकटलेले पट्टे त्यात धरले होते की वगळले होते, हे यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयाने विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.